नागपुरात बसून कोकण छापायचं: घरच्या घरी मोनोटाइप, पहिल्यांदा करणाऱ्यांसाठी

झिरो माइलच्या गावात राहून समुद्राची चित्रं करायची म्हणजे हसू येण्यासारखंच आहे. आमच्याकडे पाणी म्हणजे फुटाळा नाहीतर अंबाझरी. पण दापोलीजवळच्या हर्णैला चार दिवस राहून आले, आणि परतल्यावर वहीतली रेखाटनं काही स्वस्थ बसू देईनात. जलरंगात केली तर कॅलेंडर दिसू लागली. मग मोनोटाइप करून पाहिलं. पहिल्या महिन्यात बावीस कागद वाया गेले. ते कशामुळे गेले हे कुणी आधी सांगितलं असतं तर दहा-बारा तरी वाचले असते, म्हणून हा लेख.

मोनोटाइप म्हणजे गुळगुळीत पृष्ठभागावर, म्हणजे पाट्यावर, शाईने चित्र करायचं, ती शाई ओली असतानाच वर कागद ठेवून दाबायचा आणि उचलायचा. ठसा एकच निघतो. लिनोकट किंवा एचिंगसारखं पाट्यावर काहीही कोरलेलं नसतं, त्यामुळे तेच चित्र पुन्हा छापता येत नाही. ही रीत सतराव्या शतकात, १६४० च्या दशकात, कास्तिल्योने नावाच्या चित्रकाराने सुरू केली असं मानतात. तो जेनोआचा, म्हणजे बंदरातलाच माणूस. पुढे फ्रान्समध्ये देगा या चित्रकाराने याचा भरपूर वापर केला. त्याच्या निसर्गदृश्यांच्या मोनोटाइपचं प्रदर्शन १८९२ साली पॅरिसमध्ये झालं होतं. इतिहास इतका पुरे.

१. आधी सामान, पण दुकानात जाण्याआधी घरात शोधा

छपाईचं प्रेस लागत नाही. हे पहिल्यांदा सांगते, कारण मी तीन महिने प्रेसच्या नादात घालवले.

- अॅक्रिलिकची पारदर्शक शीट, ए-४ आकाराची, २ ते ३ मिलिमीटर जाडीची. नावाच्या पाट्या करणाऱ्यांकडे उरलेले तुकडे पडलेले असतात, तेच मागा. कडा आणि कोपरे पॉलिश पेपरने घासून गोल करा, नाहीतर ओला कागद तिथेच फाटतो.
- ऑफसेटची तेलकट शाई. काळी, निळी, लाल आणि पिवळी. छपाईचं सामान विकणाऱ्याकडे मिळते, पण डबा किलोचा असतो. ओळखीच्या प्रेसवाल्याला रिकामी बाटली घेऊन भेटा. चार चमचे शाई महिनाभर पुरते. ते जमलं नाही तर ऑइल कलरच्या ट्यूबाही चालतात.
- चार इंची रबरी रोलर. यात काटकसर करू नका. स्पंजचा रोलर अजिबात नको.
- जवसाचं तेल, टर्पेंटाइन, आणि वास नसलेली टाल्कम पावडर.
- मलमलची किंवा जुन्या सुती साडीची फडकी, कान साफ करायच्या काड्या, एक जुनं एटीएम कार्ड.
- लाकडी डाव किंवा खोलगट स्टीलचा चमचा. आमच्याकडे वरण वाढायचा डाव आता कायमचा माझ्याकडे आला आहे, आणि त्यावरून घरात अजून बोलणी खाते.
- ट्रेसिंग पेपर, पेन्सिल, चिकटपट्टी, जुने पेपर.

नवीन अॅक्रिलिकच्या दोन्ही बाजूंना पातळ फिल्म चिकटवलेली असते. ती काढायची असते. मी एकाच बाजूची काढली आणि दुसऱ्या बाजूवर शाई लावून बसले.

कागदाबद्दल जरा सविस्तर. हाताने दाबून छापायचं असेल तर कागद पातळ आणि गुळगुळीत हवा. सरावासाठी १३० जीएसएमचा (म्हणजे चौरस मीटरला १३० ग्रॅम वजनाचा) कार्ट्रिज पेपर उत्तम. हातकागद सुंदर दिसतो, पण खरबरीत असेल तर खड्ड्यांत शाई उतरत नाही आणि आकाश देवीचे व्रण पडल्यासारखं दिसतं. हातकागदाची आपल्या भागाला ओळख जुनी आहे. वर्ध्याच्या मगनवाडीत १९३४ साली ग्रामोद्योग संघ सुरू झाला, तेव्हापासून हातकागद हा तिथल्या उद्योगांपैकी एक. कापसाच्या चिंध्यांपासून केलेला, गुळगुळीत दाबलेला ताव मिळाला तर तो चांगल्या ठशासाठी राखून ठेवा. पहिले दहा प्रयोग त्यावर करू नका, जीव जळतो.

२. जिलेटिनच्या भानगडीत एप्रिल-मेमध्ये पडू नका

इंटरनेटवर जिलेटिनचा मऊ पाटा घरी करायचे शेकडो व्हिडिओ आहेत. ठसे खरंच नाजूक येतात. पण जिलेटिन पस्तीस अंशांच्या आतच वितळतं, आणि आपल्याकडे मेमध्ये पारा ४५ पार करतो. मी एप्रिलच्या शेवटी मोठ्या हौसेने पाटा लावला. दुपारी शेजारच्या काकू आल्या, टेबलाकडे पाहून म्हणाल्या, "काय करून राहिली वं? आमरस सांडला का?"

मग चायना ग्रासचा करून पाहिला. तो उन्हात वितळत नाही, ८५ अंशांपर्यंत टिकतो. पण लवचिक नसतो, रोलर फिरवताच मधोमध तडा गेला. जिलेटिन करायचंच असेल तर डिसेंबर-जानेवारीत करा. बारा महिने चालणारा पाटा म्हणजे अॅक्रिलिक किंवा काच.

याच कारणाने अॅक्रिलिक रंगही उन्हाळ्यात नकोत. पंखा बंद ठेवला तरी दीड-दोन मिनिटांत पाट्यावरच वाळतात. तेलकट शाई तासन्‌तास ओली राहते. नवशिक्याला खरी गरज या वेळेचीच असते.

३. चित्र निवडा आणि त्यातलं निम्मं टाकून द्या

समोर फोटो ठेवून मोनोटाइप करायला बसलात की फसलात. फोटोत सगळंच असतं. होड्या, दोऱ्या, माणसं, कुत्री, विजेच्या तारा. पाट्यावर इतकं मावत नाही आणि मावलं तरी छापल्यावर चिखल होतो.

मी असं करते. फोटो एकदा पाहायचा, मोबाइल उलटा ठेवायचा आणि आठवणीतून पोस्टकार्डाएवढ्या चौकटीत पाचच आकार काढायचे. हर्णैच्या बंदराचं उदाहरण घ्या. माझे पाच आकार होते: आकाशाचा पट्टा, पाण्यातला सुवर्णदुर्ग, ओहोटीची ओली पुळण, एक कलंडलेली होडी, आणि मासळी वाहणारी बैलगाडी. बस्स. बंदरावरचा लिलाव, टोपल्या, बर्फाचे ढीग, डोक्यावरच्या घारी, सगळं गेलं. होडीतही तीनच गोष्टी ठेवल्या: पोट, डोलकाठी आणि वाळूत पडलेली सावली.

यासाठी काही शब्द डोक्यात असले तर डोळा पटकन पकडतो. पुळण म्हणजे वाळूचा किनारा. पाखाडी म्हणजे वाडीतून जाणारी चिऱ्यांची पायवाट. गडगा म्हणजे दगड रचून केलेलं कुंपण. आगर म्हणजे माडा-पोफळींची बाग. आपण विदर्भातले लोक हे सगळं "झाडं आणि भिंती" म्हणून पाहतो. पण पोफळ सरळसोट, बारीक आणि सुईसारखी वर जाते, तर माड वाकतो, बहुतेक वेळा पाण्याच्या दिशेने. दोघांना एकच फटकारा मारला तर कोकणातला माणूस लगेच हसतो.

भरती-ओहोटीची वेळही ठरवून घ्या. दोन भरत्यांमध्ये साधारण साडेबारा तास जातात. अमावास्या-पौर्णिमेला उधाण, तेव्हा ओहोटीला पुळण लांबवर उघडी पडते. ओहोटीचं चित्र मोनोटाइपला जास्त सोपं, कारण ओल्या वाळूतलं प्रतिबिंब फडक्याच्या एका आडव्या हाताने येतं. लाटा मात्र रडवतात.

४. आरशाचा घोळ

ठसा उलटा येतो. डावं उजवीकडे जातं. हे सगळ्यांना माहीत असतं आणि सगळे विसरतात.

माझा पहिला बरा ठसा मी जिथे राहिले होते त्या घरच्या मावशींना व्हॉट्सअॅपवर पाठवला. उत्तर आलं: "ताई, आमचं दीपगृह फिरून पलीकडे कसं गेलं?" खरंच होतं. कोकणात समुद्र पश्चिमेला. चित्रात पाणी डाव्या हाताला असेल तर तुम्ही उत्तरेकडे तोंड करून उभे. उलटलं की गाव दक्षिणेकडे तोंड करून पाहिल्यासारखं होतं आणि किनाऱ्याचं वळणच चुकतं. होडीवरचा नंबर आणि नाव तर सरळ सरळ वाकुल्या दाखवतात.

उपाय सोपा आहे. रेखाटन ट्रेसिंग पेपरवर गडद करा, तो कागद उलटा करा आणि अॅक्रिलिकच्या खाली चिकटवा. पाटा पारदर्शक असल्याने खालची उलटी रेघ दिसते. त्याच ट्रेसिंगवर पाट्याभोवती छपाईच्या कागदाची चौकटही आखून ठेवा, कागद ठेवताना हात थरथरला तरी समास सारखे येतात. चारही बाजूंनी चार सेंटिमीटर समास सोडा.

५. शाई: कानाने ओळखायची

काचेच्या तुकड्यावर पाऊण चमचा शाई घ्या, पत्र्याच्या पट्टीने मळा आणि रोलर फिरवा. बरोबर थर असेल तर बारीक चरचर ऐकू येते, दूर कुठे तरी पापड तळताहेत तशी. चिकचिक असा चिकट आवाज आला म्हणजे शाई जास्त झाली. जास्त शाई ही नवशिक्यांची सगळ्यात मोठी चूक आहे. कागद दाबला की ती बाजूला पसरते आणि तुम्ही जिवापाड काढलेली डोलकाठी गिळून टाकते.

मे महिन्यात शाई सैल पडते. चिमूटभर टाल्कम पावडर मळली की घट्ट होते. डिसेंबरच्या सकाळी उलटं, ती गोळा होऊन बसते. तेव्हा जवसाच्या तेलाचा एखादा थेंब. चटणी खाणाऱ्या प्रदेशात जवस शोधावं लागणार नाही, पण रंगकामाच्या दुकानातलं तेल घ्या. घाण्याचं तेल वाळायला फार दिवस लावतं.

रंगाबद्दल एकच सांगते. अरबी समुद्र निळा नसतो. निदान आपल्या किनाऱ्यावर, खाडीच्या तोंडाशी, पावसाळ्यात तर नसतोच. गाळाचा, राखाडी, चहात दूध जास्त पडल्यासारखा असतो. निळ्यात थोडा लाल आणि कणभर पिवळा घालून मेलेला राखाडी करा आणि निळ्याचा मोह फक्त क्षितिजाच्या रेघेपुरता ठेवा. जांभा दगड लाल, पण ओला झाला की काळपट तांबडा. लालात काळा थोडा-थोडा घालत जा. एकदम घातला तर परत येता येत नाही.

६. पुसून काढा

दोन वाटा आहेत. स्वच्छ पाट्यावर ब्रशने चित्र काढायचं, किंवा सगळा पाटा शाईने भरून त्यातून उजेड पुसून काढायचा. मी नवख्यांना दुसरीच वाट सांगते. पहिल्यात माणूस चित्रकार व्हायला बघतो. दुसऱ्यात फडकंच अर्धं काम करतं, आणि चित्रकला येत नाही म्हणून रडायची सोय राहत नाही.

पाटा सारखा काळपट करून घ्या. आता सर्वांत उजळ जागा कोणती ते ठरवा. ओहोटीच्या चित्रात ती आकाश नसते, ओल्या वाळूवरची चकाकी असते. ती कोरड्या मलमलने, एकाच दमात, आडवी पुसा. मग आकाश, पण अर्धवट. मग पाणी, त्याहून कमी. झाडी आणि होडीला हातच लावायचा नाही, ती शाईतच राहिलेली असतात.

बारकावे करायच्या या माझ्या घरगुती युक्त्या:

कौलारू छप्पर. खोक्याच्या पुठ्ठ्याचा वरचा कागद सोलला की आत नळीदार रेघा निघतात. छपराच्या आकाराचा तुकडा कापून शाईवर हलकेच दाबा आणि उचला. उभ्या पन्हळी उमटतात, अगदी मंगलोरी कौलांच्या ओळी. छपराच्या उताराप्रमाणे तुकडा तिरका धरायला विसरू नका. माझं पहिलं घर त्यामुळे गोठ्यासारखं दिसत होतं.

मासेमारीचं जाळं. संत्री ज्या जाळीदार पिशवीत मिळतात ती पिशवी. शाईवर पसरा, वर कागद ठेवून बोटाने दाबा, उचला. नागपूरकराला यापेक्षा स्वस्त जाळं मिळणार नाही.

माडाच्या झावळ्या. इथे खराट्याची काडी घ्या, टूथपिक नको. खराटा झावळीच्या हिरांचाच बनतो, त्यामुळे ती काडी टोकाला आपोआप बारीक होत जाते आणि वाकते. खोडाच्या शेंड्यापासून बाहेर, झटकन ओढायची. सावकाश ओढलेली झावळी प्लास्टिकची दिसते. एका माडाला सात-आठ फटकारे पुरे.

फेस आणि ढग. काडीच्या टोकाने टर्पेंटाइनचा एक थेंब टाका. शाई गोल फाकते, कडेला दाट रेघ राहते. छापायच्या आधी दोन मिनिटं थांबा, थेंब उडून जाऊ द्या. ओला असताना छापलंत तर फेसाचं तळं होतं. टर्पेंटाइन वापरताना खिडकी उघडी आणि गॅस बंद. स्वयंपाकघरात हे काम करूच नका.

डोलकाठीच्या दोऱ्यांसारख्या बारीक काळ्या रेघा हव्या असतील तर वेगळी रीत आहे. पाट्यावर शाईचा अगदी पातळ थर द्या, वर कोरडा कागद अलगद ठेवा आणि कागदाच्या पाठीवर पेन्सिलने काढा. जिथे दाब, तिथेच शाई चिकटते. तळहात कागदावर टेकला की तिथे काळा डाग पडलाच. दोन्ही बाजूंना दोन-दोन पुस्तकं ठेवून वर लाकडी पट्टी आडवी टाका आणि हात त्या पुलावर टेकवा.

७. कागद ओला करणं

हाताने छापताना कागद किंचित ओला हवा. ताव पाण्यात पाच मिनिटं बुडवा, निथळवा, दोन टॉवेलांत दाबा. बोट लावल्यावर थंड लागला पाहिजे, पण चमक दिसता कामा नये. चमकला तर तेलकट शाई त्यावर बसत नाही.

उन्हाळ्यात मी तीन-चार ताव एकावर एक ठेवून प्लास्टिकमध्ये गुंडाळून ठेवते, कारण टॉवेलातून पाट्यापर्यंत जाईस्तोवर कडा वाळतात आणि वळतात. कूलरच्या खोलीत काम केलं तर हवेत ओल राहते, फक्त कूलरचं तोंड टेबलाकडे नको. एकदा कागद उडून शाईच्या काचेवर पालथा पडला. उत्तम वेळ सकाळी साडेपाच ते नऊ. पावसाळ्यात ओले ताव रात्रभर गुंडाळून ठेवू नका, बुरशीचे ठिपके येतात.

८. छापणं

हात साबणाने धुवा. कागद दोन कोपऱ्यांत धरा, खालची कड आखलेल्या चौकटीला लावा आणि बाकीचा हळूहळू सोडा. एकदा टेकला की सरकवायचा नाही.

वर एक कोरडा पातळ कागद ठेवा. डावाच्या पाठीने मधून बाहेर, छोट्या गोल फेऱ्यांनी घासत जा. डाव्या हाताने कागद घट्ट धरून ठेवा. पोळीच्या लाटण्याने सगळीकडे सारखा दाब येत नाही, मी करून पाहिलं आहे. ए-४ ठशाला मला दहा-बारा मिनिटं लागतात आणि खांदा दुखतो.

आता एकच कोपरा अलगद उचलून बघा. फिका वाटला तर परत ठेवा आणि तेवढ्या भागात घासा. जिथे उजेड हवा आहे तिथे मुद्दाम कमी घासता येतं, आणि दाब कमी-जास्त करूनही चित्र बदलता येतं, हे मला दहाव्या ठशाला कळलं.

९. भूत टाकून देऊ नका

कागद उचलल्यावर पाट्यावर थोडी शाई उरते. लगेच दुसरा ओला कागद ठेवून जोर लावून घासलंत तर फिकट, धुरकट ठसा निघतो. छपाईवाले त्याला भूत म्हणतात. थंडीत सकाळी खाडीवर धुकं असतं तेव्हा पलीकडची वाडी अशीच दिसते. माझे तीन सर्वांत चांगले ठसे भुतंच आहेत. देगा अशा फिक्या ठशांवर पेस्टलने काम करायचा. आपणही वाळल्यावर जांभ्याचा लाल खडू दोन-तीन ठिकाणी लावू शकतो. फक्त दोन-तीन ठिकाणी.

१०. वाळवणं आणि सही

घरात दोरीवर चिमट्यांनी टांगा. गच्चीवर नको. उन्हात कागद वेडावाकडा होतो, आणि दुपारची धुळीची वावटळ ओल्या शाईवर सगळा गाव आणून चिकटवते. मेमध्ये तीन-चार दिवसांत हात लावण्याजोगा होतो, जुलैत दहा दिवसही लागतात. वाळल्यावर जाड पुस्तकांखाली दाबून ठेवा.

सही पेन्सिलने, ठशाच्या खाली. डावीकडे १/१, मध्ये नाव, उजवीकडे सही. भुताला १/२ वगैरे लिहू नका, तो वेगळा ठसा आहे.

११. आवराआवर, यातला एक भाग जिवावरचा

पाटा आणि रोलर आधी खाण्याच्या स्वस्त तेलाने पुसा, मग भांड्याच्या साबणाने धुवा. टर्पेंटाइन फार लागत नाही. रोलर रबरावर उभा ठेवू नका, सपाट खाच पडते आणि पुढच्या प्रत्येक आकाशात तीच रेघ येते.

आणि फडकी. जवसाचं तेल लागलेली फडकी चुरगळून ढिगात टाकली तर आतल्या आत तापतात आणि पेट घेऊ शकतात. वाळताना तेल हवेतला ऑक्सिजन घेतं आणि उष्णता सोडतं, ढिगात ती बाहेर जायला वाट मिळत नाही. नागपूरच्या मेमध्ये बाल्कनीतल्या बंद कचऱ्याच्या डब्यात हे होणं फार अवघड नाही. फडकी बाहेर एकेक पसरून कडक वाळवा, नाहीतर पाणी भरलेल्या झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात बुडवून ठेवा. माझा डबा बालुशाहीचा आहे. काकूंना त्यात काय आहे ते सांगून ठेवलं आहे, तरी त्या आल्या की झाकण उघडून बघतातच.